कच्ची शिस्टर

आमच्या दवाखान्यात दोन शिस्टर आहोत. एक पक्की, एक कच्ची. पक्की मी. पेशंटला यातलं काही ठाऊक नसतं, त्याला सुई टोचते ती शिस्टर. ऑफिसला मात्र सगळं ठाऊक असतं. मी सरकारी नोकरीत, रजा, मेडिकल, पेन्शन सगळं घेऊन बसलेली. ती कंत्राटी. तीच ड्यूटी, तोच पांढरा कोट, तीच लेबर रूम, आणि पगार माझ्या अर्ध्याहूनही कमी. कच्ची-पक्की हे नाव आमच्या क्लार्कनं पाडलं. कोणाला दुखवायला नाही, बोलताना सोपं जावं म्हणून. मग ते चिकटलं. फोन उचलला की तीसुद्धा स्वतःहून म्हणायची, "हां, कच्ची शिस्टर बोलून राहिली."

ते ऐकलं की माझं डोकं फिरायचं. मी म्हणायची, "कायले असं म्हणतेस वो? भाजी आहेस का तू?" ती हसायची. तिचं हसणं असं, की समोरचा भांडायला आला असला तरी बसून घेतो. मी तशी नाही. मी भांडायला आले की भांडूनच जाते. घरी, माहेरी, सासरी, ऑफिसात सगळीकडे माझं हेच नाव आहे, आणि आता रिटायरमेंट जवळ आल्यावर ते बदलायचं म्हटलं तरी अंगात त्राण नाही.

आमचं आरोग्य केंद्र देवरीच्या पुढं, चिचगडकडच्या जंगलपट्ट्यात आहे. ती त्याच भागातली, गोंड घरातली. नवरा धानाची शेती करतो, उन्हाळ्यात मोहफुलं वेचतो. मी पोवाराच्या घरची, आमगावकडून इथं बदलीवर आले आणि राहून गेले. मी आले तेव्हा ती आधीच होती. तिची पोरगी पोटात असताना ती इथं लागली होती. ती पोरगी आता बारावीला आहे आणि आई अजून कच्चीच.

कायम भरतीची परीक्षा तिनं दिली नाही असं नाही. एकदा जागाच निघाल्या नाहीत, एकदा निघाल्या आणि कोर्टात अडकल्या, एकदा पेपरच्या दिवशी इथं बाई अडली होती आणि ती गेली नाही. मग वय निघून गेलं. आता तिला पक्कं व्हायला एकच रस्ता उरला होता, सरकारनं आहे त्या माणसांना आहे तसं कायम सेवेत घेणं. त्याला आमच्याकडे समावेशन म्हणतात. हा शब्द आमच्या कंत्राटी लोकांना लग्नाच्या तारखेसारखा पाठ आहे. गोंदियाला उन्हात मंडप टाकून बसले तेव्हा हाच शब्द ओरडले. मुंबईला गाड्या भरून गेले तेव्हा हाच. त्यांच्या लेकरांनाही तो येतो. समावेशन म्हणजे आईची नोकरी पक्की.

आणि ब्रेक काय असतो तेही सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कंत्राटी माणसाचा करार वर्ष भरत आलं की संपतो. मग एक दिवस त्याला नोकरीत धरत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी नवीन ऑर्डर देतात. मधला तो दिवस म्हणजे ब्रेक. तो कशासाठी, तर हा माणूस सलग काम करत होता असं उद्या कोणाला म्हणता येऊ नये. दरवर्षी माणूस नवा. ती मात्र ब्रेकच्या दिवशीही यायची. सही नाही, पगार नाही, तरी सकाळी कोट घालून हजर. मी रागवायची. ती म्हणायची, "बाळंतनीले थोडीच ब्रेक असते, ताई?"

तर असं हे सगळं चालू असताना, यंदाच्या हिवाळ्यात आमच्या डॉक्टर साहेबांनी महिन्याच्या मीटिंगमध्ये सांगितलं, "येत्या सोमवारी गोंदियाला समावेशनाचा कार्यक्रम आहे. सगळ्यांनी यायचं. कंत्राटी स्टाफनं तर यायचंच." साहेब तरुण, साताऱ्याकडचे, मनानं चांगले. त्यांनी मोबाइलवर आलं ते वाचलं आणि पुढच्या विषयाला लागले, डेंग्यूच्या. इकडे माझ्या शेजारी तिनं माझा हात धरला. 

मी साहेबांना विचारलं, "कोणतं समावेशन?" ते म्हणाले, "वरून आलंय ताई, कार्यक्रमात कळेलच." त्यांना खरंच माहीत नव्हतं. बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, "पाय जमिनीवर ठेव. सरकार असं सोमवारी बोलावून नोकरी वाटत नसते." ती "हो जी" म्हणाली, पण ऐकत कोण होतं? ड्रायव्हरनं सांगितलं, पलीकडच्या केंद्रातही हाच निरोप आहे. लॅबवाल्यानं सांगितलं, त्याच्या साडूला नागपूरहून पक्की बातमी आहे. संध्याकाळपर्यंत साऱ्या पट्ट्यात झालं, समावेशन लागलं. क्लार्क तिला म्हणाला, "आता तुले कच्ची म्हनता येनार नाही बाप्पा, सवय मोडा लागन." खरं सांगते, माझंही मन डळमळलं. इतक्या जणांची आशा एकाच वेळी खोटी कशी असेल असं वाटून गेलं.

सोमवारी तिचा नवरा मोटरसायकलवर तिला बसस्टँडवर सोडायला आला. दाढी करून, धुतलेला शर्ट घालून. त्याला गोंदियाला यायचं नव्हतं, तरी शर्ट धुतलेला. तिनं सगळे कागद पिशवीत भरून आणले होते. बसमध्ये ती मला सांगत राहिली की पोरीला नर्सिंगला घालायचं, प्रायव्हेट कॉलेज परवडत नव्हतं, पण पक्की झाली तर बँक कर्ज देते. कंत्राटी माणसाला बँक दारात उभं करत नाही. मी खिडकीबाहेर पाहत होते. मला तिच्याकडे पाहवत नव्हतं.

गोंदियाच्या हॉलमध्ये स्टेजमागं मोठा फ्लेक्स होता. विविधता, समता आणि समावेशन. खाली हसणाऱ्या माणसांचे फोटो, आपल्याकडचं एकही तोंड नाही. बोलायला आलेल्या मॅडम मोठ्या शहरातल्या होत्या. आवाज गोड, हातात माईक घेऊन आमच्यामधून चालत बोलायच्या. त्यांनी सांगितलं की कामाच्या ठिकाणी प्रत्येकाला आपलं वाटलं पाहिजे. बाई असो, आदिवासी असो, दिव्यांग असो, कोणाची भाषा वेगळी असो, कोणालाही बाहेरचं वाटता कामा नये. यालाच समावेशन म्हणतात.

त्या वाक्याला हॉलमध्ये एक आवाज झाला. आवाज म्हणजे काय, खुर्च्या सरकल्या. मागच्या रांगेतले कंत्राटी लोक एकमेकांकडे पाहायला लागले. कोणीतरी हिंदीत म्हणालं, "ये वो वाला नहीं है रे." बस, एवढंच. ती माझ्या शेजारी ताठ बसली होती, पिशवी मांडीवर. मी तिच्याकडे पाहिलं नाही. मला राग आला होता, आणि तो कोणावर काढायचा ते कळत नव्हतं. त्या मॅडमवर काढावा तर त्या बिचाऱ्या चांगलंच बोलत होत्या. एकही शब्द चुकीचा नव्हता. बाईमाणसाला मीटिंगमध्ये बोलू द्या म्हणाल्या, बरोबर आहे. आदिवासी कर्मचाऱ्याच्या बोलण्याला हसू नका म्हणाल्या, तेही बरोबर. मी आयुष्यभर हेच भांडत आले. पण आज ते ऐकायला कान तयार नव्हते.

मग मॅडमनी खेळ घेतला. प्रत्येकानं आपल्या घरच्या भाषेत सगळ्यांचं स्वागत करायचं. गोंदियाचा एक अकाउंटंट हिंदीत बोलला. छत्तीसगढी बोलणारी एक आशाताई लाजत लाजत बोलली. माझ्याकडे माईक आला, मी पोवारीत "आवो, बसो" म्हणून माईक पुढं ढकलला. मग मॅडमनी विचारलं, "इथं गोंडी बोलणारं कोणी आहे का?" आमच्या डॉक्टर साहेबांनी मोठ्या कौतुकानं तिच्याकडे बोट केलं.

ती उभी राहिली. पिशवी खुर्चीवर ठेवली. माईक दोन्ही हातांनी धरला आणि गोंडीत बोलली. मला गोंडी येत नाही, इतक्या वर्षांत पोट दुखतं का आणि कळ आली का एवढंच शिकले. पण स्वागताला एवढी वाक्यं लागत नाहीत हे कळत होतं. आवाज शांत, चेहरा शांत. बोलून झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "किती गोड भाषा आहे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फोटोग्राफरनं तिला पुन्हा माईक धरायला लावला, पहिला फोटो हलला होता. फक्त दाराजवळ उभा असलेला एक शिपाई टाळ्या वाजवत नव्हता. तो गोंडच असणार. तो मान खाली घालून उभा होता.

परतताना आमगावमार्गे देवरीला जाणारी बस चुकली, म्हणून कोहमाऱ्यावरून आलो. तिथं हायवेवर ट्रकांची ही गर्दी. पुढची बस यायला वेळ होता, आम्ही ढाब्यावर बसलो. चहा आला. मी कितीदा तरी ठरवलं होतं विचारायचं नाही म्हणून, आणि विचारलंच.

"तू काय बोललीस वो तिथं?"

ती बशीत चहा ओतत होती. म्हणाली, "जोहारच म्हननार होती, ताई. मंग वाटलं, समजत तं कोनालेच नाही. तं म्हनून टाकलं."

"काय?"

"म्हनलं, माझी पोरगी पोटात होती तवापासून मी तुमच्यात काम करून राहिली. आमाले पक्कं कराले बोलावलं असं वाटलं होतं. घरी देवापुढं नारळ ठेवून आली. आता घरी जाऊन काय सांगू, ते तुमीच सांगा."

"आन् मंग?"

"मंग टाळ्या वाजवल्या." तिनं चहा पिऊन घेतला.

  बस आल्यावर जागा धरायच्या गडबडीत मी एवढंच म्हटलं, "आता ब्रेकच्या दिवशी येऊ नोको. माझी शपथ आहे तुले." ती म्हणाली, "पाहीन." देवरीला उतरलो तर तिचा नवरा गाडी घेऊन उभा होता. त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं. पिशवी तेवढी घेतली.

पुढं कार्यक्रमाचे पडसाद म्हणून आमच्या केंद्रात समावेशन समिती झाली. समितीत एक महिला, एक ज्येष्ठ कर्मचारी आणि एक ओबीसी हवा होता. एका बाईत त्यांचे तिन्ही रकाने भरले, मी सदस्य झाले. मी म्हटलं, "साहेब, मला कशाला?" साहेब म्हणाले, "ताई, तुम्ही असल्या की कोणावर अन्याय होणार नाही."  समितीनं ठराव केले. कोणाला जातीवरून, भाषेवरून चिडवायचं नाही. कच्ची-पक्की म्हणायचं बंद, हा मी घालायला लावला. आणि एक ठराव साहेबांचा स्वतःचा होता, मनापासूनचा. ते इथं पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्याशी कोणी धड बोललं नव्हतं म्हणे, आठवडाभर एकट्यानं जेवले. म्हणून यापुढं जो कर्मचारी नव्यानं रुजू होईल, त्याचं फूल देऊन स्वागत करायचं आणि ज्येष्ठ माणसानं त्याला सगळा दवाखाना फिरवून दाखवायचा. यात वाईट काय आहे? मीच अनुमोदन दिलं.

मग मार्च संपला, तिचा ब्रेक आला, आणि या वेळी ती खरंच आली नाही.

तो दिवस मला जड गेला. सकाळीच एका टोल्यावरून, म्हणजे जंगलातल्या चार घरांच्या वस्तीवरून, बाळंतीण आणली, पहिलटकरीण, सोबत तिची आजी. पोरगी घाबरून कोणाला हात लावू देईना. साहेब आले, म्हणाले, "सिस्टर कुठायत?" मी म्हटलं, "मग मी कोण उभी आहे?" ते म्हणाले, "नाही, त्या आपल्या." मी म्हटलं, "साहेब, आज त्या आपल्या नाहीत. आज त्या कोणीच नाहीत." ते म्हणाले, "फोन करा ना, लगेच येतील." मी विचारलं, "कोणत्या नात्यानं करू?" त्यांनी काढलेला मोबाइल पुन्हा खिशात ठेवला. चांगला माणूस आहे, म्हणून ठेवला. दुसरा असता तर मला कामचुकार म्हणाला असता.

आजी दारात बसून होती. तिनं मला मोडक्या मराठीत विचारलं, "दुसरी शिस्टर कुठं हाये?" मी हात धुता धुता म्हणाले, "ती आज आमच्यात नाही."

म्हातारीनं डोक्यावर पदर ओढला आणि छाती बडवून रडायलाच लागली. आतली पोरगी कळा विसरून ओरडली. मला आधी कळेचना काय झालं. मग कळलं आणि कपाळावर हात मारला. मी बाहेर पळाले, म्हातारीपुढं बसले. "अवो आजी, जिती हाये ती. घरी हाये. उद्या येते." म्हातारीला ते पटेना. जिती आहे, बरी आहे, तर आज का नाही? मी तिला ब्रेक समजावून सांगायचा प्रयत्न केला. जंगलातल्या त्या म्हातारीला मी करार सांगते, ऑर्डर सांगते, आणि ती माझ्याकडे असं पाहते की माझंच डोकं फिरलंय. शेवटी मी सोडून दिलं. बाळंतपण माझ्या हातून नीट झालं, मुलगी झाली. पण त्या पोरीनं कळा देताना मला ज्या शिव्या दिल्या त्या सगळ्या मी मुकाट ऐकून घेतल्या. मला वाटलं कोणीतरी मला द्यायलाच हव्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ती आली. नवी ऑर्डर घेऊन, नेहमीसारखी. ओपीडीच्या हॉलमध्ये पाहते तर टेबल मांडलेलं, त्यावर गुलाबाचं फूल, सगळा स्टाफ जमलेला. क्लार्कनं ठरावाप्रमाणं केलं होतं. नव्यानं रुजू होणाऱ्यांमध्ये तिचं नाव आलं होतं, नियम म्हणजे नियम. त्याला त्यात थट्टा करायची नव्हती. उलट तो म्हणाला, "बरं झालं, हिचं कधी कोनी स्वागत केलंच नव्हतं."

साहेब दोन शब्द बोलले. "आजपासून तुम्ही आमच्या कुटुंबाचा भाग आहात." बोलले आणि मध्येच अडखळले, कारण त्यांचं त्यांनाच ते ऐकू आलं. मग माझ्याकडे पाहिलं. ज्येष्ठ सदस्य मी. फूल मीच द्यायचं होतं.

मी फूल उचललं नाही. म्हटलं, "साहेब, हिचं स्वागत मी नाही करणार. ही मला इथं घेऊन फिरली होती, मी आले तेव्हा. ज्या दिवशी हिला खरंच आत घ्याल त्या दिवशी मला बोलवा, मी काठी टेकत येईन."

 साहेब हळूच म्हणाले, "ताई, ते माझ्या हातात नाही." खरंच नव्हतं. क्लार्कच्याही नव्हतं, त्या गोड आवाजाच्या मॅडमच्या तर नव्हतंच. मी इतकी वर्षं भांडले, आणि ज्याच्या हातात आहे असा माणूस मला एकदाही समोर भेटला नाही. त्यानंच जास्त थकवा येतो. भांडण्यानं येत नाही.

तीच पुढं झाली. मला म्हणाली, "द्या ना ताई. फोटो काढू द्या या लोकायले. कालची बाळंतीण आत आहे, तिले पाहायचं आहे." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. ती दमली होती. मला ते तिच्या खांद्यांवरून दिसलं.

मी फूल दिलं. क्लार्कनं फोटो काढला. मग ठरावाप्रमाणं मी तिला दवाखाना फिरवून दाखवला. ही ओपीडी, हा स्टोअर, ही लेबर रूम. ती प्रत्येक ठिकाणी "हो जी" म्हणत होती, आणि लेबर रूमच्या दारात आम्हा दोघींना हसू आलं, आणि हसता हसता मी रडले. ती रडली नाही. तिनं फूल ट्रेमध्ये ठेवलं, हात धुतले आणि बाळंतिणीकडे गेली.

दिवाळीनंतर मी रिटायर होते. पुढल्या मार्चनंतर तिचं स्वागत दुसरं कोणीतरी करेल. बहुतेक माझ्या जागेवर आलेली एखादी पोरगी असेल, खरोखरच नवीन, आणि ती तिला लेबर रूम कुठं आहे ते दाखवेल.